वळचणीचे पाणी

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. पुण्याची वस्ती पर्वतीच्या दक्षिणेकडील शेते आणि माळ ओलांडून कात्रजच्या रोखाने सरकू लागली त्या काळात एका सहकारी वसाहतीत वडिलांनी हे घर बांधले, तेव्हा रस्त्यावरून अंगणात यायला या तीन पायऱ्या चढाव्या लागत. आज त्यांतली एकच उरली आहे, आणि आषाढात एखादी जोराची सर आली की तीही पाण्याखाली जाते. घर खचलेले नाही. पाया होता तेथेच आहे. वर आला तो रस्ता. दर काही वर्षांनी, बहुधा मार्चअखेरीस किंवा निवडणुकीच्या तोंडावर, जुन्या थरावर खडी-डांबराचा नवा थर अंथरण्यात आला, त्यावर कालांतराने आणखी एक, आणि अखेरीस सिमेंटचा असा जाड थर पडला की त्यापुढे आधीचे सगळे थर किरकोळ वाटावेत. अशा रीतीने, कोणाचाही तसा हेतू नसताना आणि कोणत्याही दप्तरात त्याची नोंद नसताना, सार्वजनिक रस्त्याने आमच्या दोन पायऱ्या गिळल्या.

समोरच्या बाजूला पूर्वी आमच्यासारखेच एक बैठे घर होते आणि त्याच्या मागे चिंच, कवठ आणि एक आड होता. ते घर गेले. त्या जागी जी बहुमजली इमारत उभी राहिली तिचे जोते आमच्या दारावरील पाण्याचा अनुभव जमेस धरून कमरेइतके उंच घेण्यात आले, सबंध आवारात सिमेंटचे ठोकळे बसवण्यात आले, आणि आवार कोरडे राहावे म्हणून त्याला व्यवस्थित उतार देण्यात आला. तो उतार रस्त्याकडे, म्हणजे पर्यायाने आमच्याकडे, आहे. त्या इमारतीतील मंडळी सभ्य आहेत. आमच्या अंगणात पाणी उभे राहिलेले पाहून ती मनापासून हळहळतात, एकदा तर त्यांनी रात्री आम्हांला चहा आणून दिला. या पाण्यात आपल्या गच्चीचे पाणी किती, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. आणि खरे सांगायचे तर माझ्या गच्चीचे पाणी माझ्याही खालच्या अंगाला राहणाऱ्या कोणाच्या दारात जाते, हा प्रश्न मलाही फार उशिरा पडला.

‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. खालचे ते खालीच राहायचे, असा तिचा रोख. परंतु ज्या समाजात ती रूढ झाली तो समाज वळचणीच्या पाण्याला क्षुल्लक मानीत नव्हता. कौलारू घरांच्या दाटीत कोणाच्या छपराच्या पागोळ्या कोणाच्या बोळात पडाव्यात, पन्हळ कोठवर लांबवावी, सांडपाण्याची मोरी कोणत्या अंगाने काढावी, यांवरून भाऊबंदांत वर्षानुवर्षे कज्जे चालत, पंच बसत, आणि जुन्या खतपत्रांत जमिनीच्या चतुःसीमेबरोबर पाण्याच्या वहिवाटीचाही उल्लेख येई. हातभर पागोळीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या त्या माणसांना आपण कोते म्हणून हसलो. त्यांच्या कोतेपणाखाली जे एक तत्त्व दडलेले होते ते मात्र आपण त्या हसण्यात गमावले. माझ्या छपरावर पडलेले पाणी माझे आहे, आणि ते माझ्या हद्दीबाहेर कोठे व कसे जाते याचा जाब मला देता आला पाहिजे, असे ते तत्त्व होते. आज वस्त्यावस्त्यांतून रस्ते तुंबतात, तळघरे भरतात, दुचाक्या वाहून जातात, आणि प्रत्येक वेळी वाहिनी लहान होती की नालेसफाई झाली नव्हती एवढाच वाद होतो. हा वाद निरर्थक नाही. पण पाण्याचे मालकत्व आपण सर्वांनी मिळून नाकारले आहे ही गोष्ट त्यात झाकली जाते, आणि ते जोवर आपण पुन्हा पत्करीत नाही तोवर कितीही मोठी वाहिनी पुरी पडणार नाही, असे माझे मत आहे.

कायद्याला ही गोष्ट अपरिचित नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ साली झाला आणि १८९१ साली तो मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. जमिनीच्या मालकाचे जे निसर्गसिद्ध हक्क त्याच्या सातव्या कलमात उदाहरणांनिशी सांगितले आहेत त्यांत असा एक आहे की, वरच्या जमिनीत उगम पावणारे किंवा तिच्यावर पडणारे पाणी, ते विशिष्ट प्रवाहात वाहणारे नसेल तर, स्वाभाविकपणे खालच्या जमिनीवर उतरू देणे खालच्या मालकाला भाग आहे. वरवर पाहता हा उंचावर राहणाऱ्यांचा हक्क दिसतो आणि आमच्यासारख्या सखल अंगणवाल्यांच्या पदरी त्यात निराशाच पडते. परंतु सगळा भार ‘स्वाभाविकपणे’ या एका शब्दावर आहे. मातीत मुरून, गवतातून झिरपून, झाडाच्या बुंध्याशी थबकून जे पाणी सावकाश खाली येते ते स्वाभाविक. आणि फरशीवरून, सिमेंटवरून, उतार देऊन, नळ्या लावून जे एकदम रस्त्यावर लोटले जाते ते केवळ उताराच्या दिशेने गेले म्हणून स्वाभाविक ठरत नाही. खालच्याने वरच्याचे पाणी सोसावे ही निसर्गाची आज्ञा असेल. वरच्याने त्याची मात्रा आणि वेग दोन्ही वाढवून ते खालच्याच्या माथी मारावे, ही निसर्गाची आज्ञा खचित नाही.

ही मात्रा किती वाढते याचा हिशेब अवघड नाही, आणि तो एकदा प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावा असा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, आणि असा पाऊस आता आपल्याकडे नवलाचा राहिलेला नाही, तर एका गुंठ्यावर सुमारे ५,००० लिटर आणि चाळीस गुंठ्यांच्या एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत बोलायचे तर एका तासात वीस टँकर. त्या एकरावर झाडे, गवत आणि उघडी माती असेल तर त्यांतले पाच-सहा टँकर त्या तासात बाहेर पडतील, बाकीचे जमीन धरून ठेवील किंवा मागाहून सावकाश सोडील. सगळे आवार फरसबंद असेल तर अठरा टँकर बाहेर येतील आणि तेही जवळजवळ तत्काळ. पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्याच एकरावर वर्षभरात सुमारे २८ लाख लिटर, किंवा २८० टँकर पाणी आकाशातून फुकट येते. जी गृहसंस्था जुलै महिन्यात हे सगळे पाणी आपल्या फाटकाबाहेर हाकलून देते तीच पुढच्या एप्रिलमध्ये तितक्याच लिटरांचे टँकर रोख पैसे मोजून त्याच फाटकातून आत घेते, आणि या व्यवहारातील विसंगती तिच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात कधी नोंदली जात नाही.

मुंबईच्या उदाहरणाने हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. त्या शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्यांची आखणी तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून झाली होती, आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे त्यात मानलेले होते. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी असे सुचवले. त्या सूचनेला खरी गती आली ती २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेल्यानंतर. त्या दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास, अवघा ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता. अहवाल बारा वर्षे रेंगाळला याबद्दल आपण शासनाला यथेच्छ दोष दिला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्या जुन्या आखणीतले ‘निम्मे पाणी मुरेल’ हे कलम मला अधिक बोलके वाटते. ते वरवर इंजिनिअराचे गणित होते. वस्तुतः तो शहराने आपल्या जमिनीशी केलेला करार होता, की आम्ही बांधू, राहू, वाढू, परंतु निम्मी भूमी उघडी ठेवू. करार वाहिनीने मोडला नाही. वाहिनी आपल्या वाट्याचे निम्मे पाणी वाहून नेण्यास शेवटपर्यंत तयार होती. उरलेल्या निम्म्याची जागा आपण विकून टाकली.

आता प्रत्यक्ष वस्तीकडे वळू. रस्त्यावर पाणी साचते या एका वाक्यात निदान चार निराळे रोग दडलेले असतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे लाखो रुपयांची कामे होऊनही पाणी तेथेच राहते. पाऊस सुरू असताना रस्ता भरतो, पण शेजारच्या चेंबरचे झाकण उघडून पाहिले तर आत वाहिनी अर्धी रिकामी दिसते. येथे रोग तोंडाशी आहे, जाळ्या बुजल्या आहेत, किंवा नव्या थरामुळे रस्त्याचा उतार बदलून जाळी उंचावर आणि पाणी खोलगटात अशी स्थिती झाली आहे. दुसऱ्या प्रकारात चेंबरच पाणी ओकू लागतात, झाकणे उचलली जातात. येथे जाळ्या साफ करून काही साधत नाही, कारण अडथळा पुढे, खालच्या अंगाला, एखाद्या मोरीत किंवा नाल्याच्या मुखाशी आहे. तिसऱ्यात पाऊस थांबून तीन-तीन तास झाले तरी पाणी हलत नाही. ती जागा बशीसारखी आहे, चहूकडून उंच, आणि तेथे पाणी साठवण्याची किंवा उपसण्याची सोय केल्यावाचून गत्यंतर नाही. चौथ्यात वस्तीवर पाऊस नसतानाही पाणी चढते. ते नदीचे किंवा ओढ्याचे उलटे आलेले पाणी असते, किनाऱ्यावरच्या गावी भरतीचे, आणि अशा ठिकाणी मोठी वाहिनी टाकणे म्हणजे पुराला येण्यासाठी अधिक रुंद दार करून देणे होय.

हे निदान करण्यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. वस्तीतल्या चार माणसांनी एका पावसात छत्र्या घेऊन बाहेर पडावे, पाणी कोठवर चढले तेथे भिंतीवर खडूची रेघ मारावी, ते किती वाजता चढले आणि किती वाजता ओसरले याची वही ठेवावी, कोणते चेंबर पाणी घेते आणि कोणते टाकते हे पाहावे. अशा दोन पावसांची वही ज्या गृहस्थाजवळ आहे त्याच्या दरखास्तीला कचेरीत जे वजन येते ते शंभर सह्यांच्या निवेदनाला येत नाही. मी हे अनुभवाने सांगतो. आमच्या वसाहतीने अनेक वर्षे जे अर्ज केले त्यांत ‘नागरिकांत तीव्र असंतोष’ हे शब्द न चुकता असत. ज्या वर्षी आम्ही रेघांचे आकडे जोडले त्या वर्षी प्रथमच एक अभियंता नकाशा घेऊन आला, आणि असे आढळले की पावसाळी वाहिनीच्या आरपार कधीकाळी दुसऱ्या कोणत्या तरी कामाचा एक नळ घातला गेला होता व त्याला अडकून पिशव्या, चिंध्या आणि गाळ यांचा बांध तयार झाला होता.

गाळाविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण त्यासंबंधी आपल्या कल्पना फार ढोबळ आहेत. एखादी गोल वाहिनी निम्मी गाळाने भरली तर तिची शक्ती निम्मी राहिली असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती एक-तृतीयांशाच्या आसपास येते, कारण जागा घटते त्या मानाने पाण्याला घासणारा पृष्ठभाग घटत नाही. उलट वाहिनीचा व्यास दुप्पट केला तर तिची वहनशक्ती दुप्पट किंवा चौपट न होता सहापटीहून अधिक होते. दुसरे विधान ठेकेदारांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या फार आवडीचे आहे, पहिल्याची आठवण कोणी काढीत नाही. नवी वाहिनी टाकण्याचा समारंभ करता येतो, जुनी उपसण्याचा करता येत नाही. पावसाळ्यापूर्वी नाल्यातून काढलेला गाळ काठावरच रचून ठेवावा आणि मृगाच्या पहिल्या सरीने तो सन्मानपूर्वक पुन्हा नाल्यात नेऊन घालावा, हा प्रकार ज्याने पाहिला नाही असा महाराष्ट्रीय नागरिक विरळा.

या बाबतीत आमच्या परिसराला लाजवील असा एक धडा आमच्याच पायांखाली आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तेथले पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने पुण्याच्या हौदांपर्यंत आणले. त्या नळाला ठिकठिकाणी उसासे ठेवलेले आहेत. वारा खेळावा, गाळ बसावा आणि तो काढण्यास माणसाला आत पाहता यावे, अशी ती योजना. बांधणाऱ्याला ठाऊक होते की वाहते पाणी गाळ आणणारच, आणि जे बांधले ते कोणाला तरी पुढे शतकभर सांभाळावे लागणार. आमच्या रस्त्याखाली पावसाळी वाहिनीची जी चेंबरे आहेत त्यांतली दोन गेल्या वेळच्या डांबराखाली दडली. ती कोठे आहेत हे शोधण्यासाठी रस्ता तीन ठिकाणी फोडावा लागला. ज्या खात्याने रस्ता केला ते वाहिनीचे खाते नव्हते, आणि ज्यांच्याकडे वाहिनी आहे त्यांना रस्ता झाल्याचे त्यावरून गाडी नेताना कळले.

त्याच नानासाहेबांच्या काळातला आंबील ओढ्याचा वृत्तांत अधिक गंभीर आहे. कात्रजच्या डोंगरउतारावरून येणारा हा ओढा जुन्या पुण्याच्या वस्तीकडे येत असे. पर्वतीजवळ त्याला वळवून पश्चिमेच्या बाजूने मुठेकडे नेण्यात आले. म्हणजे ओढा वळवणे हे काही आजचे पाप नव्हे. परंतु त्या काळी प्रवाह एका ठिकाणाहून काढला तो दुसऱ्या ठिकाणी जागा देऊन. आपल्या पिढीने तो कोठेच जागा न देता काढण्याचा प्रयत्न केला. कात्रजपासून पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असा जो त्याचा मार्ग, त्याच्या दोन्ही काठांवर भिंती पुढे सरकत गेल्या, वळणे काटकोनी झाली, मोऱ्यांची तोंडे आखडली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यावर जो पाऊस कोसळला त्याचे पाणी या आखडलेल्या वाटेने निघाले, सीमाभिंती कोसळल्या, शेकडो वाहने एकमेकांवर चढली, आणि पुणे शहर व परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. पुण्याला १२ जुलै १९६१ चा पानशेतचा प्रलय ठाऊक होता. पण तो धरण फुटून नदीला आलेला पूर होता. ज्याला पुष्कळ लोक गटार समजत होते त्या ओढ्याने एका रात्रीत माणसे नेली, ही गोष्ट शहराला नवी होती.

यानंतर अतिक्रमणांविषयी पुष्कळ बोलले गेले, आणि ते बोलताना बहुतेकांची नजर नाल्याकाठच्या पत्र्याच्या घरांकडे वळली. त्या घरांनी प्रवाहाची जागा अडवली हे नाकारण्यात अर्थ नाही. तेथे राहणे कोणाच्याच हिताचे नाही, तेथे राहणाऱ्यांच्या तर मुळीच नाही. परंतु न्यायाची तागडी हाती घ्यायची तर दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. झोपडीने ओढ्याची चार हात रुंदी खाल्ली असेल. वरच्या अंगाला टेकडीच्या उतारावर ज्या मोठ्या इमारती झाल्या, ज्या शेतांचे वाहनतळ झाले, ज्या लहान ओहोळांवर स्लॅब घालून वर दुकाने काढण्यात आली, त्यांनी त्याच ओढ्यात कित्येक पट पाणी अधिक लोटले. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, मोजपट्टीने मोजता येते, बुलडोझरने हटवता येते. दुसरी रीतसर परवानगीने, मंजूर नकाशावर झालेली असते आणि तिच्यावर नोटीस बजावता येत नाही. पुराच्या वेळी मात्र पहिला माणूस मरतो आणि दुसरा गच्चीवरून चित्रण करतो. खालच्याची जागा बेकायदा म्हणून त्याला उठवायचे असेल तर वरच्याच्या पाण्यावरही मर्यादा घातली पाहिजे. एरवी ती कारवाई शहर सुरक्षित करण्याची नसून केवळ दुर्बळाला हलवण्याची ठरते.

मग करावे काय? माझ्या समजुतीप्रमाणे उपायांचा एक क्रम आहे, आणि तो उलटा केल्याने आपली फसगत होते. सर्वांत आधी पातळ्या. प्रत्येक प्रभागाचा असा नकाशा सार्वजनिक झाला पाहिजे की ज्यावर दर चौकाची, दर जाळीची, दर मोरीच्या तळाची उंची लिहिलेली आहे. आणि रस्त्याचे कोणतेही काम करताना जुना थर खरवडून काढल्याविना नवा थर घालू नये, घरांच्या जोत्यापेक्षा रस्त्याची पातळी वर जाता कामा नये, हा नियम निविदेतील शोभेचे कलम न राहता बिल चुकते करण्याची अट झाला पाहिजे. जमिनीच्या क्षेत्रफळाची आपण इंचाइंचाने नोंद ठेवतो. तिच्या उंचीची नोंद सातबाऱ्यावरही नाही आणि मिळकतपत्रिकेवरही नाही, म्हणून ती चोरीला गेली तरी फिर्याद करता येत नाही.

त्यानंतर पाणी पडेल तेथे त्याला अडवणे. छपराचे पाणी टाकीत घ्यावे, उरलेले शोषखड्ड्यात सोडावे, आवारात निदान काही भाग मातीचा ठेवावा, हे उपदेश आता सर्वांना पाठ आहेत. त्यासाठी नव्या बांधकामांवर सक्ती आहे आणि मिळकतकरात सवलतही आहे. परंतु परवानगीपुरता खणलेला आणि मागाहून फरशीखाली गाडलेला खड्डा पाणी पीत नाही. शिवाय दक्षिणेच्या या पठारावर मुरुमाखाली काळा पाषाण आहे, हेही विसरून चालणार नाही. मुरुमात खणलेला खड्डा पाणी घेईल, अखंड पाषाणात खणलेला फक्त भरून राहील. म्हणून जेथे मुरत नाही तेथे थांबवावे. पावसाचा ऐन जोर बहुधा घटका-दोन घटकांचा असतो. तेवढा वेळ पाणी आवारातल्या टाकीत किंवा मैदानाच्या थोड्या खोलगट केलेल्या भागात रोखून मग बारीक धारेने सोडले तर तीच जुनी वाहिनी पुरी पडते. मुंबईत हिंदमाताचा परिसर बशीसारखा असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तुंबत आला. तेथे अखेर प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर मैदान यांच्याखाली प्रचंड टाक्या बांधून पाणी तात्पुरते साठवण्याची योजना करावी लागली. जे पाणी शेकडो अंगणांनी थोडे थोडे थांबवले असते ते एका मैदानाखाली एकदम थांबवण्यास किती खर्च येतो, याचा तो जाहीर हिशेब आहे.

या दोहोंनंतर, आणि त्यांच्यानंतरच, वाहिन्या रुंद करणे, मोऱ्यांची तोंडे मोठी करणे, ओढ्याला त्याचे पात्र परत देणे ही कामे येतात. ती टाळता येणार नाहीत. पण ती पहिल्याने केली म्हणजे वरच्या वस्तीतले पाणी खालच्या वस्तीत अधिक लवकर पोहोचते एवढाच त्यांचा गुण. आणि शेवटी निगा. तिची वेळ फक्त मे महिना नव्हे, तिला वर्षाचे बाराही महिने लागतात, आणि तिच्यासाठी एक जबाबदार माणूस हवा. पथ, मलनिस्सारण, उद्यान, घनकचरा अशा चार खात्यांत वाटली गेलेली जबाबदारी प्रत्येक खात्याच्या दप्तरात शिल्लक दिसते आणि रस्त्यावर शून्य भरते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हवामान पालटले आहे, ढगफुटीसारखा पाऊस होतो, अशा वेळी कोणती व्यवस्था टिकणार? आक्षेपात तथ्य आहे. तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि हवामानखाते साधारण त्यालाच ढगफुटी म्हणते, तर जगातल्या उत्तम नगररचनेचेही रस्ते पाण्याखाली जातील. अशा प्रसंगासाठी सूचना, आसरा आणि माणसे हलवण्याची तयारी हेच खरे उपाय. परंतु आमच्या पायरीवर पाणी चढते ते ढगफुटीने नाही. ते वर्षातून सात-आठ वेळा, साध्या सणसणीत सरीने चढते. असाधारण संकटाचा दाखला देऊन साधारण कर्तव्यातून सुटका करून घेणे ही आपल्या सार्वजनिक जीवनातली जुनी खोड आहे, आणि जो समाज तासाला तीस मिलिमीटर पावसाची व्यवस्था करू शकला नाही त्याने शंभर मिलिमीटरच्या गोष्टी सांगू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. सामान्य माणूस कर भरतो. पाण्याचा बंदोबस्त नगरपालिकेचे काम, माझे नव्हे. कर भरल्याने माझा कचरा, माझे सांडपाणी, माझ्या दारचा रस्ता यांची जबाबदारी पालिकेकडे जाते हे मान्य. पण जे पाणी मी उतार देऊन शेजाऱ्याकडे ढकलतो त्याची जबाबदारी कोणत्याही कराने दुसऱ्याकडे जात नाही. जोते उंच करणारा प्रत्येक जण आपल्यापुरता प्रश्न सोडवतो आणि तोच प्रश्न एका घराने पुढे सरकवतो. त्या घराने आपले जोते उंच केले की तो आणखी एका घराने पुढे जातो. आणि या सरकण्याचा शेवट जेथे जमीन सर्वांत सखल, माणूस सर्वांत गरीब आणि भिंत सर्वांत कच्ची अशा ठिकाणी होतो. तेथून पुढे सरकवायला जागा नसते.

आम्ही गेल्या वर्षी आमच्या गच्चीचे पाणी टाकीत घेतले आणि अंगणातल्या अर्ध्या फरश्या उखडल्या. त्याने आमची पायरी बुडायची थांबली नाही. तशी अपेक्षाही नव्हती, कारण पायरीवर चढणारे पाणी आमचे नसतेच. ज्यांच्या दारात आमचे पाणी जात होते त्या खालच्या गल्लीतल्या गृहस्थांना मी एकदा जाऊन विचारले. त्यांनी भिंतीवरची रेघ दाखवली. ती पूर्वीच्या रेघेखाली चार बोटे होती. येत्या पावसात, सर ऐन भरात असताना, वाचकाने एकवार आपल्या फाटकाशी उभे राहून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा माग घ्यावा, ते कोणाच्या दाराशी थांबते ते पाहावे, आणि वस्तीच्या पाण्यासंबंधी पहिली सभा शक्यतो त्याच दारात भरवावी.